सूचनावहीतला कर्ता

शाळेतल्या सूचनावहीकडे वाङ्मयाच्या अंगाने कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही. पाहण्यासारखे तीत असते तरी काय? कापडी पाठीची, लांबट, रेघांची एक वही. दर दोन-चार दिवसांनी तीत एक परिच्छेद लिहिला जातो, शिपाई ती घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, आणि शिकवता शिकवता, खडूच्या हातानेच, शिक्षक आपल्या नावापुढे सही करतो. पुष्कळदा न वाचताच. ३२ वर्षांच्या नोकरीत मी अशा काही हजार सह्या केल्या असतील. मजकूर मात्र मला एकच आठवतो, कारण तो बहुधा एकच असे : ‘सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की...’

मराठीचे व्याकरण शिकवणाऱ्याला हे वाक्य छळल्याशिवाय राहत नाही. कळविण्यात येते, पण कळवतो कोण? परीक्षा घेण्यात येतील, तासिका बदलण्यात आल्या आहेत, विलंबाची दखल घेतली जाईल. क्रियापदाला ‘कोण?’ असा प्रश्न विचारला की कर्ता सापडतो, असे आम्ही मुलांना पाचवीपासून सांगतो. सूचनावहीतल्या क्रियापदांना हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर येत नाही. खाली मुख्याध्यापकांची सही असते हे खरे, पण सही वाक्याच्या बाहेर असते. वाक्याच्या आत जे घडते ते पाऊस पडावा तसे आपोआप घडते.

मी १९८७ साली जिथे रुजू झाले ती शाळा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. पाचवी ते दहावी, दोन सत्रे, ३४ शिक्षक. मुख्याध्यापकांना सगळे गाव ‘मोठे सर’ म्हणे. सर खरोखरच मोठे होते. शाळेच्या नळाची गळती कुठे आहे इथपासून कुठल्या मुलाचा बाप पितो इथपर्यंत त्यांना सारे ठाऊक असे. दर जूनमध्ये पहिल्या सभेत खातेवाटप होई. मंत्रिमंडळावरून उचललेला हा शब्द बहुतेक शाळांत रुळलेला आहे. वेळापत्रक, परीक्षा, क्रीडा, सहल, स्नेहसंमेलन, शिस्त, भित्तिपत्रक अशी खाती, आणि प्रत्येकाला एक विभागप्रमुख. प्रमुख म्हणायचे इतकेच. सहलीच्या प्रमुखाला गाडी कोणाची ठरवायची हे सरांना विचारावे लागे, आणि स्नेहसंमेलनाच्या प्रमुखाला पडद्याचा रंग. ‘विचारून करा’ हे सरांचे आवडते वाक्य. कामाची वाटणी झाली होती, ठरवण्याची नव्हे. आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी फारसे कुणी त्याबद्दल नाराज नव्हते. विचारून केलेल्या कामातली चूक आपली नसते, ही सोय लहान नाही.

१९९४ साली माझ्याकडे परीक्षा विभाग आला आणि पुढे अकरा वर्षे तो माझ्याकडेच राहिला. ज्यांनी शाळेतला परीक्षा विभाग आतून पाहिलेला नाही त्यांना त्यातल्या सत्तेची कल्पना येणार नाही. प्रश्नपत्रिकांचे लखोटे ज्या लोखंडी कपाटात असतात त्याची किल्ली एकाच पर्समध्ये असते. कोणाला कोणत्या खोलीवर पर्यवेक्षण, कोणाला दोन तर कोणाला चार, गुणतक्ते कुठल्या तारखेपर्यंत, हे सारे त्या पर्सच्या मालकिणीच्या हाती असते. मोठे सर मला विचारायला लावत, पण विचारून झाल्यावर तपशिलात उतरत नसत. तो तपशील मी दोनशे पानी वहीत उतरवत गेले. प्रत्येक तुकडीला किती प्रती जास्त काढायच्या, छापखानेवाला कुठल्या विषयाच्या मुद्रितात हमखास चुकतो, कोणत्या सहकाऱ्याला प्रश्नपत्रिका जमा करण्याची तारीख चार दिवस अलीकडची सांगायची. वही शाळेची नव्हती. माझी होती. असे मी समजत होते.

इथे थोडे विषयांतर. मराठी वाचकाच्या मनातला शिक्षक नेहमी एकटा असतो. पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर घ्या. गावच्या शाळेत आणखीही शिक्षक असणार, पण आपल्या आठवणीत वहाणा झिजवत चालणारे एकटे मास्तरच उरतात. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला लक्ष्मीराम वरिष्ठ अधिकाऱ्याकडून एक वर्ग मागून घेतो आणि एकटाच प्रयोग करतो, सहकारी शिक्षक बहुतकरून थट्टा करणारे. ‘तोत्तोचान’ मराठीत आली आणि कोबायाशी आपल्या घरचेच झाले, पण त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकाचे नाव किती वाचकांना सांगता येईल? मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ या २००४ च्या कादंबरीत शिक्षक पुष्कळ आहेत, पण ते मुलांच्या बाकावरून दिसणारे. शिक्षक-खोलीचे दार बहुधा बंदच. माझ्या वाचनापुरते बोलायचे तर आपल्या वाङ्मयात मास्तर आहे, शिक्षकवृंद नाही. एका लांब टेबलाभोवती बसून, चहा निवत असताना, तीस-पस्तीस माणसे मिळून शाळा कशी चालवतात किंवा चालवू शकत नाहीत, याची गोष्ट कुणाला गोष्ट वाटलेली नाही.

मोठे सर २००३ साली निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेप्रमाणे गणिताच्या बाई मुख्याध्यापिका झाल्या. संस्थेला त्या फारशा नको होत्या, पण १९८१ च्या नियमावलीपुढे संस्थेचेही फार चालत नाही. बाई कमी बोलणाऱ्या. पहिल्या सभेत त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या विभागाची सूचना वहीत स्वतः लिहायची, स्वतःच्या नावाने, आणि जे ठरवले ते ‘मी ठरवले आहे’ असे लिहायचे. आणि तीन वर्षांनी विभाग बदलायचा, ज्यांच्याकडे तीनहून अधिक वर्षे एकच विभाग आहे त्यांनी दोन वर्षांत तो दुसऱ्याला शिकवून मोकळे व्हायचे. माझ्याकडे न बघता त्या हे म्हणाल्या.

पहिल्या वर्षी जे झाले ते फारसे शोभादायक नव्हते. ‘मी’ लिहिताना मोठमोठ्यांचे हात अडखळले. एका ज्येष्ठ सरांनी ‘मी’ऐवजी ‘अधोस्वाक्षरीकार’ असा शब्द वापरून सुटका करून घेतली. स्नेहसंमेलनाच्या दोन सहप्रमुखांत नाटकावरून अबोला झाला आणि शेवटी नाटक झालेच नाही. शिस्त विभागात तिघे होते, त्यामुळे शिस्त कुणाचीच नव्हती. शिक्षक-खोलीत कुरकुर सुरू झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. इतिहासाचे सर म्हणाले, ‘पर्यवेक्षकाला निदान वेगळी वेतनश्रेणी आहे. आम्हाला काय? तास तेवढेच, वह्या तेवढ्याच, वर अधिकार!’ अधिकार हा शब्द त्यांनी असा उच्चारला की तो एखादा जास्तीचा तास वाटावा. बाईंनी हे ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यात नववीच्या दोन तुकड्यांचे बीजगणित स्वतःकडे घेतले. तेवढे तास मोकळे झाले ते वेळापत्रक आणि परीक्षा या दोन विभागांना मिळाले. बाकीच्यांना काही मिळाले नाही. गणित तेवढेच जुळत होते.

त्याच सुमारास दहावीच्या वर्गासाठी टिळक-आगरकर वादावर टिपण काढत होते. हा वाद आपण ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या चौकटीत शिकवतो आणि ते चूक नाही. पण त्या वर्षी मला त्यात पहिल्यांदा शिक्षक-खोली दिसली. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, चिपळूणकर, टिळक, नामजोशी, मागोमाग आगरकर आले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. शाळेची धुरा वामन शिवराम आपट्यांकडे होती, तेच पुढे कॉलेजचे पहिले प्राचार्य. आपल्यापैकी ज्यांनी संस्कृत घेतले त्यांच्या टेबलावर ज्यांचा १८९० चा कोश असतो, ते हेच आपटे. टिळक मुख्याध्यापक नव्हते. आगरकर प्राचार्य झाले ते १८९२ साली आपटे गेल्यावर. या माणसांनी ठरवले होते की संस्था शिकवणाऱ्यांनीच चालवायची, आजीव सदस्यांनी, आणि त्यांच्यात लहानमोठे नको. आणि भांडण कशावरून? वेतनात वाढ घ्यावी का, संस्थेबाहेर कुणी किती काम करावे, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घ्यावे का. १८९० साली टिळक बाहेर पडले त्यामागे हे सारे होते. तत्त्वे मोठी होतीच, पण ती तासांच्या, रुपयांच्या आणि वेळेच्या हिशेबातून बोलत होती. सारखी माणसे एकत्र येऊन शाळा चालवू लागली की ‘हिशेब दे’ असे म्हणण्याचे काम वरच्यावर ढकलता येत नाही, शेजारी बसलेल्याला तोंडावर विचारावे लागते. इतकी मोठी माणसे ज्या ठिकाणी अडली तिथे आमचे नाटक अडले यात नवल नव्हते. त्यांचे न्यू इंग्लिश स्कूल मात्र अडले नाही, हेही मी टिपणात लिहिले आणि मुलांना सांगितले. स्वतःला नाही सांगितले.

जून २००५ मध्ये परीक्षा विभाग विज्ञानाच्या एका तरुण सरांकडे गेला. नोकरीला सहा वर्षे झालेली, अक्षर सुरेख, स्वभाव नम्र. दोन वर्षे मी त्यांना ‘शिकवले’, म्हणजे ते माझ्या शेजारी बसून गठ्ठे बांधत. मी सर्वांसमक्ष किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, टाळ्या झाल्या, बाईंनी आभार मानले. वही मी दिली नाही. कुणी मागितली नाही, कारण ती आहे हेच कुणाला नेमके ठाऊक नव्हते. मागितली असती तर दिली असती, असे मी त्या चार महिन्यांत स्वतःला पुष्कळदा सांगितले.

ऑक्टोबरात सहामाही. आठवीच्या मुलांना तेव्हा पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत किंवा दोहोंचे संयुक्त असे पर्याय असत. मुले जूनमध्ये एक पर्याय लिहून देतात आणि जुलैअखेरपर्यंत तो बदलत राहतात. शेजारच्याने बदलला म्हणून, संस्कृतच्या बाई रागावल्या म्हणून. हजेरीपटावर मात्र जूनचाच पर्याय राहतो. म्हणून संयुक्तची संख्या जुलैनंतर वर्गात जाऊन, हात वर करायला लावून, पुन्हा मोजावी लागते. हे कुठल्याही परिपत्रकात नाही. माझ्या वहीच्या सतराव्या पानावर होते. सरांनी हजेरीपट धरला, आणि हिंदी संयुक्तच्या ४१ प्रश्नपत्रिका कमी पडल्या.

माझे पर्यवेक्षण नेमके त्याच खोलीत होते. प्रती वाटता वाटता तिसऱ्या रांगेत संपल्या आणि मला क्षणात कळले की काय झाले आहे आणि का. सर धावत आले, घामाघूम, फळ्यावर प्रश्न लिहू लागले. मुले पाऊण तास मागे पडली. आणि मला आनंद झाला. मराठी भाषा किती सोयीची आहे पाहा. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात कर्ता आनंद आहे. मी नुसती चतुर्थीत उभी आहे, आनंद येऊन माझ्या अंगावर पडला असावा तशी. तर नीट लिहिते : मी सुखावले. अकरा वर्षांत एकदाही असे झाले नव्हते, आणि हे सगळ्यांच्या लक्षात येईल, असा विचार मी फळ्यावरची त्यांची ती सुरेख अक्षरे पाहत केला.

दुसऱ्या दिवशी सूचनावही आली. शिपायाने ती माझ्यापुढे धरली तेव्हा मी सहावीला कविता शिकवत होते. मजकूर सरांचा होता. काल आठवीच्या हिंदी संयुक्तच्या प्रश्नपत्रिका कमी पडल्या, मी जूनची संख्या धरली, पुन्हा मोजायला हवी होती, मोजली नाही, चूक माझी आहे, त्या मुलांना जादा वेळ देण्याचे मी ठरवले आहे. इतकेच. विशेषण एकही नव्हते. त्याखाली मला सही करायची होती, वाचून समजले अशा अर्थाची. माझ्या आधी बारा सह्या झाल्या होत्या. मी तेरावी केली.

प्रकरण तिथे थांबले नाही. एका पालकाने संस्थेकडे तक्रार केली आणि संस्थेने मुख्याध्यापिकांकडून लेखी खुलासा मागवला. बाहेरच्या जगाला खातेवाटप ठाऊक नसते. संस्था असो की शिक्षणाधिकारी, त्यांच्या लेखी शाळेत एकच कर्ता असतो. बाईंनी दिलेल्या खुलाशाची प्रत पुढे फाइलमध्ये मी पाहिली. त्यात सरांचे नाव नव्हते, विभागाचाही उल्लेख नव्हता. ‘संख्येची खातरजमा मी केली नाही’ असे बाईंनी लिहिले होते. आत सर म्हणत होते चूक माझी, बाहेर बाई म्हणत होत्या चूक माझी. दोन्ही कागद आजही त्या शाळेच्या दप्तरात असतील. तिसरा कागद, जो लिहायला हवा होता, तो नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वही सरांना दिली. काय म्हणाले ते जसेच्या तसे आठवते : ‘सर, ही द्यायची राहून गेली होती.’ राहून गेली! वह्या आपल्या आपण राहून जातात, दुधावर साय यावी तशा. सरांनी ती चाळली. सतराव्या पानाशी त्यांचा हात थांबला असावा असे मला वाटले, पण मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ‘असू दे, बाई,’ ते म्हणाले, ‘उपयोगी पडेल.’

मुख्याध्यापिका बाई २०१० साली निवृत्त झाल्या. पुढच्या सरांना ‘मी’ची सूचनावही बालिश वाटली आणि दोन महिन्यांत ‘कळविण्यात येते’ परत आले. विभाग बदलण्याची पद्धतही मागे पडली, अपवाद परीक्षा विभागाचा. त्याचे कारण उदात्त नाही. त्याच वर्षी आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक आणि संकलित नोंदींचे तक्ते वाढले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तो विभाग कुणालाच नकोसा झाला. माणसे सत्ता वाटून घेत नाहीत तेव्हा ओझे वाटून घेतात आणि दोहोंची रीत एकच दिसते. २०१४ साली सात महिने मी प्रभारी मुख्याध्यापिका होते. पहिली सूचना लिहायला वही उघडली, पेन टेकवले, आणि हाताने लिहिले : ‘सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की’. खोडले नाही. घाई होती.

२०१७ साली, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, परीक्षा विभागाच्या नव्या प्रमुख माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. हातात तीच दोनशे पानी वही, आता जाड पुठ्ठा चिकटवलेली, चार हातांच्या अक्षरांनी भरलेली. सतराव्या पानावर माझ्या ओळीखाली विज्ञानाच्या सरांच्या सुरेख अक्षरात एक ओळ होती : ‘२००५ साली मी ही संख्या घेतली नाही, ४१ प्रती कमी पडल्या.’ त्याखाली काही नाही. बाईंनी विचारले, ‘तुमची सूचना वर इतकी स्पष्ट असताना सरांकडून हे राहिले कसे?’

सर त्याआधी दोन वर्षे संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदलून गेले होते. खोलीत आम्ही दोघीच होतो.

‘सूचना होती,’ मी म्हटले, ‘पण वही माझ्या घरी होती. मी ती त्यांना दिली नव्हती.’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग ‘बरं’ म्हणाल्या आणि पान उलटले. त्यांना दहावीच्या बाकांचा हिशेब हवा होता.